धबधब्याचा खरा फोटो कोणता?

विज्ञान मंडळाच्या मुलांना घेऊन एका पावसाळ्यात घाटातल्या धबधब्यावर गेलो होतो. धबधबा काही नावाजलेला नव्हे. उंची जेमतेम पाच मीटर. एकाच खडकावर कॅमेरा टेकवून मी त्याचे दोन फोटो काढले. पहिल्या वेळी शटर एक सेकंद उघडे ठेवले, दुसऱ्या वेळी सेकंदाचा हजारावा भाग. शाळेत आल्यावर दोन्ही फोटो फलकावर शेजारीशेजारी लावले आणि खाली काहीच लिहिले नाही.

आठवडाभर फलकासमोर वाद चालला. पहिल्या फोटोत पाणी नव्हतेच. खडकावरून कुणी मलमलीचे धोतर वाळत घातल्यासारखा पांढरा, मऊ पट्टा होता. दुसऱ्यात काचेचे तुकडे उधळल्यासारखे थेंब, तुटक्या दोऱ्या आणि हवेत लटकलेले पाण्याचे गोळे दिसत होते. आठवीच्या मुलांचा कौल दुसऱ्या फोटोला. पाण्याला थेंब असतात, तेव्हा थेंब दाखवतो तो खरा. आमच्या चित्रकलेच्या बाईंना हे मुळीच पटेना. "धबधबा वाहतो, तो टांगलेला नसतो," असे त्यांचे म्हणणे. शेवटी सगळे निवाड्यासाठी विज्ञान शिक्षकाकडे, म्हणजे माझ्याकडे आले. मला निवाडा देता आला नाही. तो का देता येत नाही हे शोधताना जो इतिहास वाचनात आला, तो इथे मांडत आहे.

आधी थोडे गणित, नववीच्या मुलालाही जमेल असे. पाच मीटर खाली पडताना पाण्याला सुमारे एक सेकंद लागतो आणि तळाशी त्याचा वेग सेकंदाला जवळजवळ दहा मीटर होतो (हवेचा विरोध सोडून देऊ). म्हणजे १/१००० सेकंदात तळाजवळचा थेंब फक्त एक सेंटिमीटर सरकतो; लांबून काढलेल्या फोटोत हे सरकणे जेमतेम कळते. १/३० सेकंदात तो ३३ सेंटिमीटर सरकतो, म्हणून थेंबाऐवजी रेघ उमटते. आणि एका सेकंदात तर तो वरच्या कड्यापासून खालच्या डोहापर्यंतचा सगळा प्रवास उरकतो. त्याच्या मागून दुसरा, तिसरा, हजारावा थेंब येतो. फिल्म असो की आजचा संवेदक, दोघेही हा सगळा प्रकाश एकावर एक साठवत जातात. एखाद्या ठिकाणी पाणी या क्षणी होते आणि पुढच्या क्षणी नव्हते, याची वेगवेगळी नोंद ते ठेवत नाहीत. शेवटी हाती येते ती बेरीज.

छायाचित्रणाच्या पहिल्या पिढीला या बाबतीत निवड करायला वावच नव्हता. लुई दागेर यांनी १८३८ मध्ये पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो काढला. एक्स्पोजर काही मिनिटांचे होते. रस्त्यावरच्या गाड्या, घोडे, माणसे सारी पुसली गेली. बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी उभा राहिलेला एक माणूस तेवढा उमटला. चालणारा माणूस पुसला जातो, कारण तो पुढे गेल्यावर त्याच्या जागी रस्ता दिसतो. धबधबा मात्र असा पुसला जात नाही. पाणी पुढे गेले तरी त्या जागी दुसरे पाणी येतेच. म्हणून तो नाहीसा न होता गुळगुळीत होतो.

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी कलोडियनची ओली काच आणली आणि एक्स्पोजर मिनिटांवरून सेकंदांवर उतरले. पण ही पद्धत मोठी कटकटीची. काचेवर चिकट द्राव पसरायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची आणि ओली आहे तोवर फोटो काढून तिथेच धुवायची. त्यासाठी अंधाराचा तंबू बरोबर न्यावा लागे. शटर नावाची वस्तू बहुतेकांकडे नव्हतीच. भिंगावरची टोपी हाताने काढायची, मनात आकडे मोजायचे आणि टोपी परत लावायची.

तरीही समुद्राची लाट पकडावी असे काहींना वाटू लागले. वेल्समधले जॉन डिलविन लुएलिन यांना १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात 'गती' या विषयावरच्या चार फोटोंबद्दल रौप्यपदक मिळाले. फुटणारी लाट ही त्या फोटोंतलीच. पाठोपाठ १८५६-५७ मध्ये गुस्ताव्ह ल ग्रे यांच्या समुद्रचित्रांनी पॅरिस आणि लंडनचे रसिक थक्क झाले. सेत या बंदरात काढलेली त्यांची 'मोठी लाट' आजही छायाचित्रणाच्या इतिहासाच्या बहुतेक पुस्तकांत भेटते. लाट खडकावर आपटते आहे आणि वर दाटून आलेले ढग आहेत. मौज अशी की ही लाट आणि ते ढग एका वेळचे नाहीतच. त्या काळचे रसायन निळ्या प्रकाशाला फार लवकर भुलत असे. समुद्र नीट येईपर्यंत आकाश कोरे पांढरे होऊन जाई. म्हणून ल ग्रे यांनी समुद्राची एक निगेटिव्ह आणि आकाशाची दुसरी घेतली आणि क्षितिजाच्या रेषेवर त्यांचा सांधा जुळवला. क्षण पकडला म्हणून ज्या चित्राचा गौरव झाला, ते दोन वेगळ्या क्षणांचे होते. ही लबाडी म्हणायची का? माझ्या मते नाही. जे दृश्य डोळ्याला एकदम दिसते ते कागदावर एकदम येत नव्हते, एवढीच त्यांची अडचण. पण हा प्रश्न ध्यानात ठेवावा, पुढे तो वेगळ्या वेषात येणार आहे.

ल ग्रे यांना समुद्र साधला, कारण उघड्या समुद्रावर उजेड भरपूर आणि पाण्यावरची चमकही जोरदार. दरीतल्या धबधब्याचे तसे नाही. कार्लटन वॉटकिन्स १८६१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या योसेमिटी खोऱ्यात खेचरांवर सामान लादून गेले. त्यांच्या काचा १८ इंच बाय २२ इंच मापाच्या होत्या. त्या काळी फोटो मोठा करून छापण्याची सोय जवळजवळ नव्हती. जेवढा फोटो हवा तेवढी काच, आणि जेवढी काच तेवढा अवजड कॅमेरा. एवढ्या काचेवर कडेपर्यंत रेखीव प्रतिमा हवी तर भिंगाचे छिद्र अगदी बारीक करावे लागे, आणि मग एक्स्पोजर अनेक सेकंदांचे होई. वॉटकिन्स यांच्या फोटोंत कडे असे उभे आहेत की त्यावरची भेग न् भेग मोजावी. त्याच फोटोंत धबधबे मात्र पांढऱ्या धुरासारखे आणि तळी आरशासारखी. १८६४ साली अध्यक्ष लिंकन यांनी योसेमिटी खोरे राखून ठेवणाऱ्या कायद्यावर सही केली. त्यामागे या फोटोंचाही वाटा होता, असे मानले जाते. ज्यांनी योसेमिटी कधी पाहिले नव्हते अशा लाखो लोकांसाठी धबधबा म्हणजे असाच धूर, अशी समजूत तिथून रुजली असावी.

त्याच काळात घरोघरी लोकप्रिय असलेली जोडचित्रे, म्हणजे दोन डोळ्यांच्या यंत्रातून पाहायची छोटी चित्रे, मात्र बरीच जलद काढता येत. काच लहान, भिंग आखूड नाभीचे, छिद्र मोठे. शिवाय लहान काचेवर पाण्याची प्रतिमाही कमीच सरकते. १८५९ च्या सुमारास एडवर्ड अँथनी यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यांची अशी 'क्षणचित्रे' विकायला काढली होती. म्हणजे पाणी दुधाळ हवे की तुटक, हे फोटोग्राफरच्या मनापेक्षा त्याच्या काचेचे माप ठरवत होते. आवडनिवडीचा प्रश्न यंत्र सुधारल्यावर येतो. तोवर आपण अडचणीलाच शैली म्हणत असतो.

या गोष्टीतले सर्वांत विलक्षण पात्र एडवर्ड मायब्रिज. १८६७ आणि पुन्हा १८७२ मध्ये त्यांनीही योसेमिटी गाठले. त्यांच्या फोटोंतले धबधबे तर वॉटकिन्स यांच्याहूनही स्वप्नाळू, भुतासारखे पांढरे. आणि याच माणसाने जून १८७८ मध्ये पालो आल्टो येथे ओळीने कॅमेरे मांडून धावत्या घोड्याचे फोटो काढले, घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटलेले असतात हे जगाला दाखवले. एका आयुष्यात पाण्याचा धूर करणारा आणि घोड्याला हवेत थांबवणारा माणूस एकच! पुढे फिलाडेल्फियाला त्यांनी माणसांच्या आणि जनावरांच्या हालचालींचा जो प्रचंड संग्रह केला आणि १८८७ मध्ये ७८१ पानांत छापला, त्यात बादलीतून पाणी ओतणाऱ्या स्त्रियाही आहेत. तिथे पाणी फाटलेल्या फडक्यासारखे हवेत उभे राहिलेले दिसते. असे पाणी तोवर फारच थोड्यांनी पाहिले होते.

हे शक्य झाले ते अधिक जलद रसायनांमुळे आणि यांत्रिक शटरमुळे. जिलेटिनच्या कोरड्या काचा १८७० नंतरच्या दशकात बाजारात आल्या. आता हाताने टोपी काढून लावणे पुरेसे नव्हते; एवढ्या कमी वेळात हात हलतच नाही. शटर घराघरांत पोहोचले ते त्या गरजेपोटी. आता प्रथमच फोटोग्राफरपुढे खरी निवड आली.

सगळ्यांना ती रुचली नाही. शिल्पकार रोदँ यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संभाषणांत साफ सांगितले की क्षणचित्रच खोटे आहे, कारण प्रत्यक्षात काळ कधी थांबत नाही. धावणे दाखवायचे असेल तर कलाकाराने एकामागून एक येणाऱ्या क्षणांचा मेळ एका आकृतीत घालावा लागतो. आमच्या चित्रकलेच्या बाईंना हे नाव मी मुद्दाम सांगितले नाही, नाहीतर वाद आणखी आठवडाभर चालला असता.

इथवरची गोष्ट कलावंतांची आहे आणि 'ज्याची त्याची आवड' म्हणून ती सोडून देता येईल. पण याच सुमारास इंग्लंडमध्ये आर्थर मेसन वर्दिंग्टन या शिक्षकाच्या बाबतीत जे घडले ते विज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येकाने मुळातून समजून घ्यावे असे आहे.

रग्बी येथील शाळेतल्या एका मुलाला काजळी धरलेल्या काचेवर चुकून पडलेल्या थेंबांच्या खुणा दिसल्या. त्या नुसत्या गोल डाग नव्हत्या. त्यांत नाजूक आरे होते, चाकासारखे. मुलाच्या कुतूहलाचा धागा वर्दिंग्टन यांनी पकडला. थेंब आपटतो तेव्हा नेमके काय होते? १८७६ मध्ये त्यांचा पहिला निबंध रॉयल सोसायटीच्या पत्रिकेत आला आणि पुढची तीसहून अधिक वर्षे हा माणूस थेंबांच्या मागे होता. पुढे ते डेव्हनपोर्ट येथील आरमाराच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मुख्याध्यापक होते.

त्यांची पद्धत पाहा. खोलीत मिट्ट काळोख. एक थेंब, पारा किंवा दूध, ठरलेल्या उंचीवरून सोडायचा. त्याच क्षणी दुसरीकडे एक छोटी गोळी सोडायची. ती खाली पोहोचली की विजेची ठिणगी पडते आणि तेवढ्यापुरता उजेड होतो. गोळीचा पल्ला थोडा वाढवला की ठिणगी थोडी उशिरा पडते, म्हणजे थेंबाची पुढची अवस्था दिसते. इतक्या अल्प उजेडाला जलद काचाही अपुऱ्या पडत होत्या. म्हणून कॅमेऱ्याच्या जागी ते स्वतःच बसत. ठिणगीत जे दिसले त्याचा ठसा डोळ्यांत टिकलेला असतानाच ते कागदावर उतरवायचे. मग पुन्हा थेंब, पुन्हा ठिणगी, पुन्हा चित्र. अशी शेकडो चित्रे झाली. त्यांतून त्यांनी थेंबाचे चरित्र रचले. थेंब आपटतो, पसरतो, कडेने मुकुट उभा राहतो, मुकुटाला सारख्या अंतरावर टोके फुटतात, टोकांवरून छोटे थेंब सुटतात. चित्रे इतकी देखणी आणि इतकी सममित की एखाद्या सोनाराने घडवावीत.

१८९४ मध्ये अखेर तंत्र पुढे गेले आणि ठिणगीच्या उजेडात फोटो निघू लागला. ठिणगी सेकंदाच्या काही लक्षांश भागापुरतीच टिके. चाळीस सेंटिमीटरवरून पडलेला थेंब तेवढ्या वेळात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपासच सरकतो. काच धुतली आणि वर्दिंग्टन यांनी पाहिले की मुकुट आहे, टोकेही आहेत, पण कुठे तीन टोके एकत्र चिकटलेली, कुठे मोठी फट, एका बाजूची भिंत उंच, दुसरीकडे खचलेली. दुसरा फोटो काढला, तोही वेडावाकडा, पण निराळ्या तऱ्हेने. सोनाराचा मुकुट कुठेच नव्हता.

इथे अनेकांनी दोष काचेला दिला असता, किंवा टेबल हलले असे म्हटले असते. वर्दिंग्टन यांनी आपल्या जुन्या वह्या काढल्या. त्यांत त्यांना स्वतःच्याच हातची, वेड्यावाकड्या थेंबांची कितीतरी चित्रे सापडली. ती त्यांनी पाहिली होती, प्रामाणिकपणे काढलीही होती. पण छापण्यासाठी निवडताना ती बाजूला पडली होती, कारण प्रत्येक वेळी मनाने सांगितले की हा थेंब बिघडला, खरा थेंब असा नसतो. १९०८ मध्ये छापलेल्या 'अ स्टडी ऑफ स्प्लॅशेस' या पुस्तकात त्यांनी ही कबुली स्वच्छ शब्दांत दिली आहे. २००७ मध्ये लॉरेन डॅस्टन आणि पीटर गॅलिसन या इतिहासकारांनी विज्ञानातल्या वस्तुनिष्ठतेवर मोठा ग्रंथ लिहिला, त्याचा आरंभ याच प्रसंगाने होतो.

मला या प्रसंगात एक गोष्ट फार खटकते आणि म्हणूनच फार महत्त्वाची वाटते. वर्दिंग्टन यांचा सुंदर थेंब ही सरासरीही नव्हती. समजा, शंभर वेड्यावाकड्या मुकुटांचे फोटो एकावर एक ठेवून आपण खरी सरासरी काढली. प्रत्येकाची टोके वेगवेगळ्या जागी. मग बेरजेत टोके दिसतील का? सगळी एकमेकांत मिसळून एक गुळगुळीत, धूसर कडे उरेल, थेट माझ्या एक सेकंदाच्या धबधब्यासारखे. म्हणजे रेखीव टोके हवीत तर एकच थेंब दाखवायला हवा, तो वेडावाकडा असतो. नियमितपणा हवा तर अनेक थेंबांची बेरीज दाखवायला हवी, ती धूसर असते. रेखीव आणि नियमित असा थेंब दोन्हींतही नसतो. तो त्यांच्या अपेक्षेत होता.

प्रयोगशाळेत लंबकाची वीस आंदोलने मोजताना एखादे वाचन फारच वेगळे आले की मुले ते खोडतात आणि शेजाऱ्याच्या वहीतले सोयीचे वाचन घेतात. आपण त्यांना रागावतो. पण रॉयल सोसायटीत निबंध वाचणारा, अत्यंत सचोटीचा माणूसही अठरा वर्षे नकळत असेच काहीसे करत होता, हे त्यांना सांगितले तर रागावण्यापेक्षा अधिक उपयोग होतो, असा माझा अनुभव आहे.

आता दुसरी बाजू. जलद फोटो म्हणजे विज्ञान आणि धूसर फोटो म्हणजे हौस, असा समज होऊ नये. १९०४ मध्ये हायडेलबर्ग येथे गणितज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत लुडविग प्रांटल या तरुण जर्मन प्राध्यापकाने एक छोटा निबंध वाचला. विमानाच्या पंखापासून नळातल्या पाण्यापर्यंत सर्वत्र लागू पडणारी सीमास्तराची कल्पना त्यातली. म्हणजे वाहत्या द्रवाचा घनाच्या पृष्ठभागालगतचा पातळ थर, जिथे चिकटपणामुळे वेग झपाट्याने कमी होतो. निबंधासोबत फोटो होते. प्रांटल यांनी हाताने चाक फिरवून पाणी खेळवता येईल अशी टाकी बनवली, पाण्यात चमकदार खनिजाचे बारीक कण सोडले आणि फोटो काढले. अशा फोटोत शटर अगदी जलद ठेवले तर काय होईल? नुसते ठिपके उमटतील, आणि पाणी कुठून कुठे चालले आहे ते कळणार नाही. थोडा वेळ उघडे ठेवले की प्रत्येक कणाची छोटी रेघ उमटते. रेघेची दिशा ती पाण्याची दिशा. रेघेच्या लांबीला एक्स्पोजरच्या वेळाने भागले की वेग. जिला आपण फोटो 'हलला' म्हणून नावे ठेवतो ती धूसरता इथे मोजपट्टी झाली. अट एकच, शटर किती वेळ उघडे होते ते नेमके ठाऊक हवे.

कॅमेऱ्याशिवायही हे कुणाला तरी सुचले होते. लिओनार्दो दा विंची यांनी सोळाव्या शतकाच्या आरंभी पाण्याच्या भोवऱ्यांची चित्रे काढली. त्यांत पाणी थेंबांचेही नाही आणि धुराचेही नाही. वेणीच्या पेडांसारखे वळणावळणाचे आहे, आणि केसांच्या वळणांशी तुलना त्यांनी स्वतःच टिपून ठेवली आहे. हृदयाजवळच्या रक्तवाहिनीतले भोवरे समजून घेण्यासाठी काचेच्या नळीतल्या पाण्यात गवताचे बी सोडून पाहण्याची युक्तीही त्यांच्या टिपणांत आहे. प्रांटल यांचे कण आणि हे बी, कल्पना एकच.

मग डोळा काय पाहतो? डोळ्याला शटर नाही, पण त्याचीही बेरीज चालू असते, साधारण सेकंदाच्या दहाव्या ते पंचविसाव्या भागाइतकी. म्हणून नळाची बारीक धार खालपर्यंत अखंड काचेच्या काडीसारखी दिसते. प्रत्यक्षात खालच्या भागात ती सुट्या थेंबांची माळ असते, हे फेलिक्स साव्हार यांनी १८३३ मध्येच तपासले होते. पण डोळा स्थिरही नसतो. धबधब्यासमोर उभे राहून नजर पाण्याबरोबर झरकन वरून खाली न्या. क्षणभर पाण्याचे गोळे लटकलेले स्पष्ट दिसतील. नजर खडकावर रोखा, पुन्हा मलमल. म्हणजे माझे दोन्ही फोटो प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलेले असतात. कुणाला कोणता आठवतो, एवढाच फरक. (उलट एक मिनिटभर धबधब्याकडे टक लावून मग शेजारच्या कड्याकडे पाहा. कडा वर सरकू लागतो! रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी स्कॉटलंडमधल्या एका धबधब्यापाशी हे पाहून १८३४ मध्ये छापले. मुलांना हा खेळ भारी आवडतो.)

विसाव्या शतकात दोन्ही आवडी टोकाला गेल्या. मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेतले विद्युत अभियंता हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० नंतर विजेच्या झपाट्याने पेटणाऱ्या दिव्यांनी नळाचे पाणी आणि दुधाचे थेंब थांबवले. दूध का? तर ते अपारदर्शक आणि पांढरे, म्हणून प्रकाश नीट परततो आणि काठ स्पष्ट येतो. त्यांचा दुधाचा मुकुट १९३७ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या छायाचित्र प्रदर्शनात लागला. त्याचा सर्वांत प्रसिद्ध रंगीत अवतार १९५७ चा, लाल पृष्ठभागावर पांढरा मुकुट. आपल्याला कलावंत म्हणू नका, आपण तथ्यांच्या मागे असलेला अभियंता आहोत, असे एजर्टन सांगत. पण तथ्यच हवे होते तर पहिल्या काही फोटोंत ते मिळाले होते. हे गृहस्थ मात्र वीस वर्षांनंतरही तोच मुकुट पुन्हा पुन्हा काढत होते, आणि त्यांतला जो जगभर गेला तो बराचसा सारखा, देखणा आहे. वर्दिंग्टन यांचा सोनार इतक्या सहजी दुकान बंद करत नाही.

दुसऱ्या टोकाला जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतो यांनी १९८० पासून निरनिराळ्या समुद्रांचे फोटो काढले. त्यांत खाली पाणी, वर आकाश, मध्ये क्षितिज, आणि एवढेच. इंग्लंडचे मायकेल केना तर काही वेळा रात्रभर शटर उघडे ठेवतात आणि लाटांचे धुके होऊन जाते. आता ही अडचण राहिलेली नाही, पूर्णपणे आवड आहे. काळ्या काचेचे फिल्टर लावून, मुद्दाम उजेड अडवून ती भागवली जाते. वॉटकिन्स यांनी हे पाहिले असते तर कपाळाला हात लावला असता.

आजचा मोबाइल तर आणखी गमतीचा. त्याच्या बारीक छिद्राला बंद करता येत नाही आणि हातही स्थिर नसतो. म्हणून 'मऊ पाण्याचा' फोटो मागितला की बरेच मोबाइल शटर लांबवत नाहीत. ते झटपट अनेक छोटे फोटो घेतात आणि गणिताने त्यांची सरासरी काढतात. म्हणजे माझ्या फलकावरचा पहिला फोटो हा दुसऱ्यासारख्या शेकडो फोटोंची बेरीज आहे, हे आता यंत्रच करून दाखवते. आठवीच्या मुलांचा फोटो एक वाचन, बाईंचा फोटो वाचनांची सरासरी. दोहोंपैकी खोटे काहीच नाही. खोटे ठरले ते माझे फलकावर काहीही न लिहिणे. दोन्ही फोटोंखाली शटरचा वेळ मी त्याच आठवड्यात पेन्सिलने लिहिला.

वर्गात करून पाहण्यासारखे एक सांगतो. काळ्या ताटलीत दुधाचा पातळ थर घ्या. ड्रॉपरने हातभर उंचीवरून एकेक थेंब पाडा आणि मुलांना नुसत्या डोळ्यांनी पाहून शिंतोड्याचे चित्र काढू द्या. प्रत्येकाने किमान पाच थेंब पाहावेत, पाच चित्रे काढावीत आणि त्यांतले सर्वांत 'बरोबर' वाटणारे निवडून त्याखाली नाव लिहावे. मग ताटली भर उन्हात न्या. मोबाइलचे शटर हाताने ठरवता येत असेल तर १/२००० सेकंद किंवा त्याहून कमी ठेवा आणि ओळीने फोटो घेत राहा. वीसपंचवीसांत एखादा मुकुट सापडतो. (मोबाइलच्या दिव्याचा उपयोग नाही, तो ठिणगीइतका क्षणिक नसतो.) मुकुटाची टोके मोजा, त्यांच्यातली अंतरे मोजा. टोके किती आणि का, यावर आजही शोधनिबंध निघतात, तेव्हा उत्तर तयार ठेवण्याची काळजी शिक्षकाने करू नये. मुलांनी न निवडलेली चार चार चित्रे मात्र गोळा करून एका पाकिटात ठेवा, आणि फोटो काढून झाल्यावर ते पाकीट उघडा.